लोकानुनयवादी मनोवृत्तीचे स्थैर्य : यवतमाळ जिल्हा

जनता साधी नि प्रामाणिक, सत्तेतले मूठभर लोक तिला लुबाडणारे, म्हणून अंतिम शब्द जनतेचाच हवा, या धारणेला राज्यशास्त्रात लोकानुनयवादी मनोवृत्ती म्हणतात. ती मोजण्याची एक बहुचर्चित प्रश्नावली ॲकरमन, मुड आणि झास्लोव्ह यांनी २०१४ मध्ये मांडली. मात्र लोकानुनयवादी पक्ष स्वतःच सत्तेत बसला की त्याच्या समर्थकांना अशा प्रश्नावल्या नीट हेरत नाहीत, असे युंगकुन्झ, फाही आणि हिनो यांनी २०२१ मध्ये दाखवले. आपलीच माणसे वर गेल्यावर ‘वरच्यां’ना शिव्या कोण घालणार?

कापसाच्या यवतमाळात ‘वरच्यां’वरची ही चीड जुनी आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८०च्या दशकात विदर्भात ‘भारत विरुद्ध इंडिया’, म्हणजे खेडी विरुद्ध शहरे, अशी मांडणी रुजवली. सभा गाजल्या, लाल बिल्ले मिरवले गेले. मतपेटीत मात्र ते तेवढे उतरले नाही.

मार्च २०१४ मध्ये नरेंद्र मोदींनी आर्णी तालुक्यातील दाभडीत ‘चाय पे चर्चा’ केली. उत्पादन खर्चावर ५० टक्के नफा धरून हमीभाव, हे त्या प्रचारातले आश्वासन. आर्णी विधानसभा क्षेत्र चंद्रपूर लोकसभेत मोडते. तिथे २०१४ मध्ये भाजपचे हंसराज अहीर जिंकले. २०१९ आणि २०२४ मध्ये काँग्रेस. आर्णीचा आमदार मात्र तिन्ही विधानसभा निवडणुकांत भाजपचाच. निकालांवरून चीड निवली की टिकली हे सांगू पाहणाऱ्याची इथे फजिती होते.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांचे उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी उद्घाटन केले. काही महिन्यांतच त्या बच्चू कडूंच्या प्रहार पक्षातर्फे यवतमाळ-वाशीममधून लोकसभेला उभ्या राहिल्या. व्यवस्थेविरुद्धचा इतका थेट चेहरा क्वचितच मतपत्रिकेवर येतो, तरी त्या पडल्या आणि शिवसेनेच्या भावना गवळी पुन्हा निवडून आल्या.

पुसदची तऱ्हा आणखी वेगळी. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री देणाऱ्या या घराण्याचे इंद्रनील नाईक २०१९ आणि २०२४ मध्ये तिथूनच आमदार झाले. शेतमालाच्या भावावरून पुढाऱ्यांना बोल लावणारा मतदार घराण्याला ‘वरचे’ समजेलच असे नाही. नाईक त्याला आपले वाटतात. लोकसभेला मात्र २०२४ मध्ये यवतमाळ-वाशीममध्ये शिवसेनेच्या शिंदे गटाने गवळींऐवजी राजश्री पाटील यांना उभे केले, आणि जागा उद्धव ठाकरे गटाच्या संजय देशमुखांकडे गेली.