कच्चा वाचक

सातवीत उताऱ्यावरच्या प्रश्नांना मला दहापैकी दोन-तीन मार्क पडायचे. ‘वाचतो, पण समजत नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकात आला आणि मीही तो खरा मानला. त्याच वर्षी शेजारच्यांकडून पेपर आणून मी कसोटी सामन्याचं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो आणि कोणती विकेट कशी पडली ते मित्रांना सांगायचो. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात असं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

नोकरीला लागल्यावर १९८८चा एक प्रयोग वाचनात आला. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकन संशोधकांनी सातवी-आठवीची ६४ मुलं घेतली. त्यांचे चार गट केले: वाचनात पक्के आणि कच्चे, आणि त्या दोन्हींत बेसबॉल कळणारे आणि न कळणारे. सगळ्यांना बेसबॉलच्या अर्ध्या इनिंगचं वर्णन वाचायला दिलं. मग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून, वाचलेलं करून दाखवायला सांगितलं. बेसबॉल कळणारी ‘कच्ची’ मुलं, बेसबॉल न कळणाऱ्या ‘पक्क्या’ मुलांच्या बरीच पुढे गेली.

असं का होतं? ‘फलंदाज अर्ध्यातून मागे फिरला, पण चेंडू आधी पोचला.’ या वाक्यात ‘आउट’ हा शब्दच नाही. क्रिकेट कळणारा तो मनात भरतो. न कळणाऱ्याला प्रत्येक शब्द वाचता येतो, पण काय घडलं ते कळत नाही.

अर्थात त्या प्रयोगात मोजलं होतं ज्ञान, आवड नव्हे. पण त्या वयात खेळाची एवढी माहिती बहुधा आवडीतूनच जमते. जॉन ड्यूई यांनी १९१३च्या ‘इंटरेस्ट अँड एफर्ट इन एज्युकेशन’मध्ये बजावलं होतं, की कंटाळवाणा धडा वरवर गोड करणं म्हणजे आवड नव्हे. खरी आवड असली की कष्ट आपोआप घेतले जातात. माझं पेपर वाचणं तसंच होतं.

क्रिकेटच्या जोरावर मला मधमाश्यांवरचा उतारा सुटला नसता, हेही खरं. त्यासाठी मधमाश्यांबद्दल कुणीतरी आधी गोष्टी सांगायला हव्या होत्या.

परवा ताई म्हणाली, “याचं वाचन कच्चं आहे गं बाई, असं मॅडम म्हणतात.” भाचा शेजारीच बसून रेल्वे इंजिनांवरचं पुस्तक वाचत होता. मी ताईला एवढंच विचारलं, “कशाचं वाचन?”