धर्मादाय आणि औषधाची चिठ्ठी

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलाल उधळतो आणि लाखो माणसे चढ चढून येतात. त्यांत शेतकरी असतो, कारखान्यातला कामगार असतो, गुऱ्हाळावरचा मजूर असतो. वाडी रत्नागिरीचे आजचे देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधले. देऊळ, धर्मशाळा, पाणपोई, अन्नछत्र यांतून आपल्या पूर्वजांनी धर्म म्हणजे काय ते दाखवून दिले. पंगतीला बसणाऱ्याला तेथे कोणी लाजवीत नाही. मग औषधाची चिठ्ठी हाती घेऊन दुकानापुढे पैसे मोजणाऱ्यानेच का लाजावे, आणि दहा गोळ्यांऐवजी चारच घेऊन घरी का जावे? या प्रश्नामागचा इतिहास आम्ही थोडक्यात मांडू इच्छितो.

पहिला मोठा टप्पा १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याचा. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली आणि १९५४ साली मुंबईत आली. वर्गणी कामगाराने व मालकाने मिळून भरायची आणि आजारपणात वैद्य व औषध मिळवायचे, अशी तिची रचना होती. औषध ही मेहेरबानी नव्हे, तो आगाऊ मोजून ठेवलेला हक्क आहे, हा विचार तीतून रुजला. परंतु त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्यांच्या यादीत साखरेबरोबर गूळही होता. कोल्हापूरचा गूळ देशभर गाजला. हंगाम संपताच गावोगाव पांगणारा मजूर मात्र विम्याबाहेर राहिला.

अशा माणसासाठी दुसरी वाट १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने मोकळी केली. गरिबीचे व दुःखाचे निवारण, शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांना या कायद्याने ‘धर्मादाय’ म्हटले. म्हणजे देवस्थान आणि विश्वस्तांचे रुग्णालय ही दोन्ही एकाच कायद्याखाली आली. पुढे त्यात कलम ४१ कक घालून धर्मादाय रुग्णालयांवर गरीब रुग्णांची जबाबदारी टाकण्यात आली. तरीही अंमलबजावणी ढिलीच राहिली. अखेर जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना ठरवून दिली. त्यानुसार शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांना मोफत व शेकडा १० दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. इतर रुग्णांच्या बिलांतून शेकडा २ रक्कम बाजूला काढून निर्धनांसाठी निधी उभारायचा. निर्धनाच्या औषधांचा खर्च या निधीतून होतो, तोही खरेदीच्या दराने. दुर्बल घटकातील रुग्णाला औषधांच्या बिलाचा निदान निम्मा भाग भरावा लागतो.

या योजनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिचा सारा हिशेब खाटांवर मांडलेला आहे. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी मात्र खाटेवरून उठल्यावर जन्मभर घ्यावी लागते. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांनी हा भार काहीसा हलका केला आहे; पण स्वस्त म्हणजे मोफत नव्हे, आणि ज्याच्या हाती रोजचीच मजुरी आहे त्याला हा फरक चांगला कळतो.

चळवळीत आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कागदावरचा हक्क मागणारा नसला तर कागदावरच राहतो. म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घरात तयार ठेवा. धर्मादाय रुग्णालयात गेल्यावर समाजसेवकाची गाठ घ्या आणि निर्धन रुग्ण निधीची चौकशी करा. आजारी माणसाला एकट्याने खिडकीपुढे उभे करू नका. शेजारच्या लिहित्या माणसाने बरोबर जावे. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी.

डोंगर चढताना आपण ‘चांगभलं’ म्हणतो, ते एकट्याच्या भल्यासाठी नव्हे. शेजारच्या घरात औषधाची चिठ्ठी पैशावाचून पडून असेल, तर त्या शब्दाचे ऋण आपल्यावर बाकी आहे.