भार, बळ आणि हात



शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ही म्हण खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. युक्तीने जे मिळवले त्याची किंमत अखेर कोणी मोजली, हे ती सांगत नाही. शर्यतीच्या मोटारींच्या इतिहासात या प्रश्नाचा उलगडा होतो, म्हणून आज तो विषय घेतला आहे. मोटारींच्या शर्यती हा श्रीमंतांचा शौक खरा. पण यंत्राचे बळ, त्याचा भार आणि ते चालविणाऱ्याचा हात या तिहींचा हिशेब तेथे जितका चोख होतो, तितका अन्यत्र क्वचितच होत असेल.

प्रथम हा हिशेब समजून घेऊ. सरळ रस्त्यावर मोटार जास्तीत जास्त किती धावेल हे बहुतांशी इंजिनाच्या अश्वशक्तीवर ठरते. परंतु वेग घेणे, वेग आवरणे आणि वळणे या तिन्ही क्रियांत भार आडवा येतो. वळणावर मोटारीला बाहेर लोटणारी ओढ भाराच्या प्रमाणात वाढते, आणि वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. तिला तोंड देणारे काय, तर चार टायरांचा जमिनीला टेकलेला तळहाताएवढा भाग! भार वाढला की टायरची पकडही वाढते. पण त्याच प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. हलक्या मोटारीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

हे मर्म ओळखण्यास माणसाला बराच काळ लागला. 1934 साली ग्रां प्री शर्यतींसाठी असा नियम झाला की, चालक, इंधन, तेल, पाणी व टायर वगळून मोटारीचे वजन 750 किलोंहून अधिक असू नये. मोटार हलकी म्हणजे इंजिन लहान, आणि इंजिन लहान म्हणजे वेग बेताचा, अशी नियम करणाऱ्यांची समजूत! जर्मन अभियंत्यांनी हलके मिश्रधातू वापरून सांगाड्याचे वजन वाचविले आणि वाचलेले वजन इंजिनात घातले. 1937 च्या मर्सिडीजमध्ये साडेपाचशेहून अधिक अश्वशक्ती होती. भरवेगातही तिची मागची चाके जमिनीवर घसरत. बळ होते, पण ते रस्त्यापर्यंत पोचत नव्हते. 1935 च्या जुलैमध्ये न्यूरबुर्गरिंगच्या वळणावळणाच्या डोंगरी रस्त्यावर इटलीच्या ताझिओ नुवोलारीने जुन्या, कमी बळाच्या आल्फा रोमिओने या जर्मन मोटारींना त्यांच्याच घरी हरविले, ते काही केवळ दैवाने नव्हे.

युद्धानंतर या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनने (1928–1982). लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो अभियांत्रिकी शिकला. 1948 साली त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली मोटार बनविली आणि 1952 साली लोटस कंपनी काढली. जो भाग एकच काम करतो तो भार होय, त्याच्याकडून दोन कामे करून घ्यावीत, अशी त्याची रीत. त्याची 1957 ची लोटस सेव्हन म्हणजे बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचे पत्रे आणि फोर्डचे सुमारे 40 अश्वशक्तीचे साधे इंजिन. घरी जुळविण्यासाठी ती सुट्या भागांत मिळे, म्हणजे तयार मोटारीवरील खरेदी-कर वाचे. बेताच्या मिळकतीच्या तरुणालाही ती परवडू लागली. 1973 साली तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि त्या वंशाची मोटार आजही बनते.

आता 14 मे 1961 चा मोनॅकोचा प्रसंग पाहा. त्या वर्षापासून इंजिनाची मर्यादा अडीच लिटरांवरून दीड लिटरावर आली होती. फेरारीने त्यासाठी सहा सिलिंडरचे, सुमारे 180 ते 190 अश्वशक्तीचे इंजिन सिद्ध केले. स्टर्लिंग मॉसच्या आदल्या वर्षीच्या लोटस 18 मध्ये चार सिलिंडरचे क्लायमॅक्स इंजिन होते, सुमारे 150 अश्वशक्तीचे. शर्यतीच्या तोंडावर सांगाड्याच्या एका नळीला चीर दिसली. टाकीत इंधन भरलेले असताना भोवती ओली फडकी गुंडाळून यांत्रिक आल्फ फ्रान्सिसने ती नळी जोडली. उकाड्यामुळे बाजूचे पत्रे काढून टाकले होते. चालणारी मोटार आणि आत बसलेला माणूस दोन्ही लोकांना दिसत होते.

पहिल्या 13 फेऱ्या फेरारीचा रिची गिंथर पुढे होता. चौदाव्या फेरीत मॉसने आघाडी घेतली आणि उरलेल्या 86 फेऱ्या मागून येणाऱ्या फेरारींना पुढे जाऊ दिले नाही. सरावात त्याची उत्तम फेरी 99.1 सेकंदांची होती. शर्यतीच्या 100 फेऱ्यांना त्याला 2 तास 45 मिनिटे 50.1 सेकंद लागले, म्हणजे फेरीला सरासरी 99.5 सेकंद! सरावात एकदा साधलेली पराकाष्ठा त्याने जवळजवळ शंभर वेळा साधली. गिंथर 3.6 सेकंदांनी मागे राहिला.

परंतु एवढ्यावरून शक्ती हरली असे म्हणणे घाईचे होईल. त्या मोसमात मॉसने आणखी एकच जागतिक ग्रां प्री जिंकली, ती न्यूरबुर्गरिंगची. दोन्ही मार्ग वळणांचे! लांब सरळ रस्ते असतील तेथे फेरारी निसटून जाई, आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद फेरारीच्याच फिल हिलला मिळाले. बळ, भार आणि हात यांचा तोल असा रस्त्यागणिक बदलत असतो.

आणि आता किंमतीचा प्रश्न. याच जातीच्या लोटसने 1960 च्या जूनमध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सराव करताना मॉसचे मागचे चाक निखळले आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी दुसऱ्या एका लोटसचे स्टिअरिंग तुटले. हलकी मोटार वळणावर चालकाला साहाय्य करते, पण तिच्यातील जास्तीची मजबुती काढून घेतलेली असते. तिचे अपुरेपण चालकाच्या अंगावर येते. 1969 च्या मे महिन्यात बार्सेलोनाच्या अपघातानंतर योखेन रिंट या चालकाने चॅपमनला पत्र लिहून कळविले की, मोटारी एवढ्या वेगवान आहेत की कमकुवत भाग बळकट करण्यासाठी थोडे वजन वाढविले तरी आपण मागे पडणार नाही. 5 सप्टेंबर 1970 रोजी मोंझा येथे सरावात, ब्रेक लावतानाच त्याची लोटस 72 कठड्यावर आदळली आणि तो मरण पावला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला होता. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले.

चॅपमनची प्रतिभा निर्विवाद आहे, आणि मॉसचे कौशल्यही. तथापि या इतिहासाचे तात्पर्य असे की, बळ कमी करून, भार कमी करून जे साधते, त्यातला उरलेला भार माणसाच्या हातावर पडतो. तो किती टाकावा, हे ठरविताना ज्याचा हात आहे त्याला विचारले पाहिजे, आणि त्याने सांगितलेले ऐकले पाहिजे. मोटारीपुरतेच हे खरे नाही. जेथे जेथे काटकसर करून यंत्र चालविले जाते, तेथे ते चालविणाऱ्याचे पत्र कोणाच्या तरी टेबलावर पडलेले असते. ते वेळीच वाचणे हीदेखील एक युक्तीच होय.