इस्ट्रोजेन-ग्राही आणि त्याची सहचर प्रथिने

स्तनाच्या कर्करोगाचा बीजांडकोशाशी निकटचा संबंध आहे, याचा पहिला सबळ पुरावा ग्लासगो येथील शल्यविशारद जॉर्ज बीट्सन यांनी १८९६ साली प्रसिद्ध केला. बीजांडकोश काढून टाकल्यावर रुग्ण स्त्रीच्या गाठी विरत गेल्याचे त्यांनी पाहिले होते. परंतु हा गुण सुमारे एक-तृतीयांश रुग्णांनाच येतो, असे १९०० पर्यंत दिसून आले. उरलेल्यांना तो का येत नाही, हा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ अनुत्तरित राहिला.

उत्तराचा पहिला भाग शिकागो येथील एल्वुड जेन्सन यांच्या प्रयोगांतून मिळाला. किरणोत्सर्गी हायड्रोजनाने चिन्हांकित केलेले इस्ट्राडायोल उंदराच्या गर्भाशयात रासायनिक बदल न होता साठून राहते, असे त्यांनी १९५८ साली मांडले. १९६६ साली टॉफ्ट व गोर्स्की यांनी ते धरून ठेवणारे ग्राही-प्रथिन दाखवून दिले. ज्या गाठींत हे प्रथिन नाही त्या संप्रेरकविरोधी उपचारांस सहसा दाद देत नाहीत, हेही पुढे कळले. प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक होते. पण तो सुटला नव्हता.

अडचण टॅमॉक्सिफेनने उभी केली. गर्भनिरोधकाच्या शोधात इंग्लंडमध्ये तयार झालेले हे औषध स्तनात इस्ट्रोजेनचे कार्य रोखते. गर्भाशयाच्या अंतःस्तरात मात्र ते स्वतःच इस्ट्रोजेनासारखे वागते आणि तेथील कर्करोगाचा धोका वाढविते. ग्राही तोच, औषध तेच, परिणाम मात्र उलट. कुलूपकिल्लीचा दृष्टांत अध्यापनास सोयीचा असला, तरी येथे तो लंगडा पडतो.

या कोड्याचा धागा स्ट्रासबुर्ग येथे पिएर शांबाँ यांच्या प्रयोगशाळेत १९८९ साली हाती आला. एकाच पेशीत इस्ट्रोजेन-ग्राहीचे प्रमाण वाढविले असता प्रोजेस्टेरॉन-ग्राहीचे कार्य मंदावते, असे आढळले. तेव्हा दोघांनाही लागणारे, आणि पेशीत मोजकेच असणारे, असे तिसरे काही असले पाहिजे, हे अनुमान ओघाने आले. ते तिसरे हाती लागण्यास काही वर्षे जावी लागली. १९९५ साली ह्यूस्टन येथे बर्ट ओमॅली यांच्या गटाने एसआरसी-१ हे सहचर प्रथिन वर्णिले. १९९७ साली त्याच कुळातील एआयबी-१ स्तनाच्या गाठींत सापडले. तपासलेल्या गाठींपैकी सुमारे दहा टक्क्यांत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या.

१९९८ साली स्फटिकरचनेवरून यंत्रणा उघड झाली. टॅमॉक्सिफेनचे सक्रिय रूप ग्राहीत बसले की ग्राहीची बारावी सर्पिलिका सरकते आणि सहचराच्या नेमक्या खाचेतच जाऊन बसते. मग गर्भाशयात विपरीत परिणाम का? तेथील पेशींत एसआरसी-१ विपुल असते, आणि त्याविना टॅमॉक्सिफेनची ही इस्ट्रोजेनसदृश क्रिया घडत नाही, असे २००२ साली दाखविण्यात आले.

रुग्णांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे निरीक्षण २००३ सालचे होय. ज्यांच्या गाठींत एआयबी-१ व एचईआर-२ ही दोन्ही प्रथिने अधिक होती, त्या स्त्रियांना टॅमॉक्सिफेनचा लाभ कमी झाला. टॅमॉक्सिफेन न घेतलेल्या स्त्रियांत मात्र एआयबी-१ चे आधिक्य बऱ्या भवितव्याशीच निगडित आढळले.