भरपाई ही मेहेरबानी नाही : १९२३ ते २०२३

गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेला की वस्तीत कोणीतरी धनादेश घेऊन येतो. फोटो निघतो आणि बातमीत शब्द येतो ‘सानुग्रह मदत’. आधी हा शब्दच तपासला पाहिजे. सानुग्रह म्हणजे कृपा म्हणून दिलेले. दिले तर दिले. नुकसानभरपाई म्हणजे देणे लागते ते. या दोहोंमधले अंतर कापायला कामगारांना शंभर वर्षे लागली. आपले कार्यकर्ते मात्र आजही पहिल्याच शब्दावर थांबतात.

पूर्वी जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करावा लागे. हात गमावलेला अडाणी मजूर गिरणीमालकाविरुद्ध ते कुठून सिद्ध करणार? १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला आणि ही अट सुटली. अपघात कामामुळे व कामावर असताना झाला, एवढे पुरे झाले. पण रक्कम किती? मृत्यू झाला तर ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते!

इथेच खरी मेख आहे. या कायद्याचे माप म्हणजे वेतन. आणि आपल्या देशात कोणाला कोणते काम आणि किती वेतन, हे जातीने आधीच ठरवून ठेवलेले. ज्याला जातीने हलके काम व तुटपुंजा पगार दिला, त्याचा हातही कायद्याच्या हिशेबात स्वस्त झाला.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. १९४३ साली त्यांनी युद्धातील इजांच्या भरपाईचे विमा विधेयक मांडले. बॉम्बहल्ल्यात कामगार जखमी झाला तर सरकारी मदतीखेरीज मालकानेही भरपाई द्यायची आणि त्यासाठी सक्तीने विमा उतरवायचा, असा तो कायदा. बॉम्ब मालकाने टाकलेला नव्हता, तरीही जबाबदारी त्याच्यावर आली. त्याच वर्षी त्यांच्या खात्याने कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकरांकडे सोपवले. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला.

१९२३ च्या कायद्यात पुढे सुधारणा होत गेल्या. २०२० पासून वेतनाची मर्यादा १५,००० रुपये झाली. या पगाराच्या ३० वर्षांच्या कामगाराचा हिशेब पाहू. मृत्यू : वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व : ६० टक्क्यांप्रमाणे १८,७१,८२०. अंगठा गेला तर त्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६. तात्पुरते अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला वेतनाचा चौथा हिस्सा. उपचाराचा खर्च वेगळा. ठेकेदाराचा माणूस असला तरी ज्याचे काम, तो मुख्य मालकही जबाबदार. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतल्या आहेत.

दुसरे माप संविधानाने दिले. निर्दोष सुटूनही १४ वर्षे तुरुंगात खितपत पडलेल्या बिहारच्या कैद्याला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कलम ३२ खाली ३५,००० रुपये देववले. हेच ते कलम, ज्याला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा मानले. १९९३ मध्ये ओडिशातील कोठडीमृत्यूच्या खटल्यात दीड लाख देववताना न्यायालयाने स्पष्ट केले, की मूलभूत हक्काचा भंग झाला तर ‘सार्वभौम सत्ता’ म्हणून राज्याला हात झटकता येणार नाहीत.

याच वाटेने २७ मार्च २०१४ चा निकाल आला : १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाख झाली. कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख, इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख. यात पगार विचारलेला नाही, हे लक्षात घ्या. इथे माप वेतनाचे नाही, माणसाच्या जगण्याच्या हक्काचे आहे.

तिसरा मार्ग ॲट्रॉसिटी कायद्याचा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला हाताने मैला साफ करायला लावणे हा त्याखाली गुन्हा आहे. १९९५ च्या नियमांनुसार मिळणारे अर्थसाहाय्य इतर कायद्यांतील भरपाईच्या हक्काव्यतिरिक्त असते.

तेव्हा मित्रांनो, वस्तीत धनादेश आला की तीन प्रश्न विचारा. ही रक्कम कोणत्या कायद्याखाली आहे? कामगार कायद्याखालची मृत्यूची भरपाई असेल तर ती आयुक्तांकडे जमा केली का? कारण परस्पर हातात ठेवलेली रक्कम १९२३ चा कायदा भरपाई म्हणून धरत नव्हता. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल तेवढी मान्य होती. आणि जो वाचला, पण ज्याची फुप्फुसे निकामी झाली, त्याचे काय? मेलेल्यासाठी मोर्चा निघतो. जिवंत राहिलेला अपंग मात्र कागदावरही येत नाही. त्याचा पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रे आणि पगाराचा पुरावा त्याच आठवड्यात गोळा करा. दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. समजूतपत्रावर अंगठा देण्याआधी वकील गाठा.

पैशाने माणूस परत येत नाही, हे खरेच. म्हणून यंत्राने सफाई आणि दोषींना शिक्षा, ही मागणी सोडायची नाही. पण ज्या व्यवस्थेने आपला जीव फुकट धरला, तिला त्याची किंमत मोजायला लावणे हाही संघर्षच आहे.

जय भीम!