'डिप्रेस्ड क्लासेस' : आम्हाला दाबले कोणी?

गेल्या रविवारी ईटच्या (ता. भूम, जि. धाराशिव) विहारात आम्ही काही मुलामुलींसोबत गोलमेज परिषदेचा इतिहास वाचत होतो. 'डिप्रेस्ड क्लासेसचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकर' असे शब्द आले आणि बारावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, त्या वेळी आपल्या सगळ्या समाजाला डिप्रेशन आलं होतं का?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न खोटा नव्हता. जो शब्द पन्नासेक वर्षे आपल्या समाजाचे सरकारी नाव होता, तो आज आपल्याच मुलांना कळत नाही. म्हणून हा लेख.

'डिप्रेस' हे इंग्रजी क्रियापद मूळ लॅटिन 'देप्रिमेरे'वरून आले. 'दे' म्हणजे खाली, 'प्रेमेरे' म्हणजे दाबणे. 'डिप्रेस्ड' म्हणजे खाली दाबलेला. मनाच्या आजाराचा अर्थ आज सगळ्यांच्या तोंडी आहे, १९२९ नंतरच्या जागतिक मंदीलाही हाच शब्द लागला. पण ब्रिटिशांच्या कागदांत 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणजे दाबले गेलेले वर्ग, आणि पुढे मुख्यतः अस्पृश्य समाज.

आता व्याकरण बघा. 'दाबलेला' म्हटले की दाबणारा कुणीतरी असलाच पाहिजे. पण या नावात तो दिसत नाही. जणू दुष्काळ पडावा तसा हा समाज आपोआप खाली गेला! मनुस्मृती, गावगाडा, वेठबिगार, पाणवठ्यावरची बंदी यांतले काहीही त्या दोन शब्दांत नाही. म्हणूनच हा शब्द सरकारला, मिशनऱ्यांना आणि सवर्ण सुधारकांना सोयीचा वाटला. दया दाखवता येते, आरोप करावा लागत नाही.

मराठीत काय झाले तेही पाहा. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले. त्याचे मराठी नाव होते 'निराश्रित साह्यकारी मंडळी'. महर्षी शिंद्यांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे. पण 'निराश्रित' म्हणजे ज्याला आसरा नाही तो. इथे तर दाबण्याची क्रियासुद्धा गेली, उरली फक्त गरज. याउलट बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी संस्था काढली तिचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. १९२७ च्या पत्राचे नाव 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : बहिष्कार घातला कोणी? एका शब्दात आरोपपत्र तयार!

काही जण म्हणतील, बाबासाहेबांनीही 'डिप्रेस्ड क्लासेस' हा शब्द वापरलाच की. हो, वापरला. ऑगस्ट १९३० मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय डिप्रेस्ड क्लासेस काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. कायद्याच्या दारात उभे राहायचे तर कायद्याला कळणारा शब्द घ्यावाच लागतो. पण तो त्यांना मान्य नव्हता. ४ नोव्हेंबर १९३१ रोजी त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी लंडनमध्ये गोलमेज परिषदेला जे पुरवणी निवेदन दिले, त्यात नावाचा वेगळा मुद्दा आहे. हे नाव मानहानीकारक आहे, नवी घटना होत असताना ते बदला, अशी मागणी त्यांनी केली. त्याजागी 'नॉन-कास्ट हिंदू', 'प्रोटेस्टंट हिंदू' किंवा 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू' असे पर्यायही दिले. प्रोटेस्टंट म्हणजे निषेध करणारा, नॉन-कन्फॉर्मिस्ट म्हणजे प्रस्थापित रीत न मानणारा. दाबलेला माणूस आता विरोध करणारा माणूस म्हणून उभा राहतो! १९३५ च्या येवल्याच्या घोषणेआधी चार वर्षे ही दिशा त्या शब्दांत दिसते.

नावाचा हा वाद केवळ मानाचा नव्हता, हक्काचाही होता. १९३२ मध्ये लोथियन समिती मताधिकारासाठी फिरत होती, तेव्हा काही प्रांतांतल्या सवर्ण साक्षीदारांनी आमच्याकडे असे लोक फारसे नाहीतच, असा सूर लावला. राखीव जागा मिळणार असे दिसताच अस्पृश्यांची संख्या कागदावर आटली. हे शक्य झाले, कारण 'दाबलेले' हे विशेषण आहे. विशेषणावर वाद घालता येतो : कोण किती दाबलेला? १९३१ च्या जनगणनेत हटन यांनी 'एक्स्टिरिअर कास्ट्स' म्हणजे बाहेरच्या जाती असा आणखी एक शब्द आणला. शेवटी १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आले आणि १९३६ च्या आदेशाने जातींची नावे यादीत लिहिली गेली. 'शेड्यूल' म्हणजे मुळात कागदाची चिठ्ठी. शब्द कोरडा आहे, त्यात दया नाही. पण यादीत नाव असले की हक्क कोणाच्या मेहरबानीवर राहत नाही.

यादीलाही मर्यादा आहेतच. १९५० च्या आदेशाने ती हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आले. नागपूरला धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या माणसांना केंद्रात १९९० पर्यंत थांबावे लागले. धर्म बदलला म्हणून गावाने पाणवठा लगेच मोकळा केला नव्हता, पण कायद्याने तसे धरले.

आपल्या जिल्ह्याचाही यात वाटा आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. 'वतनदार' हा शब्द ऐकायला केवढा मानाचा! आणि काम काय? रात्रंदिवस गावाची चाकरी. पुढे मुंबई राज्याने १९५८ मध्ये ही वतने बंद करणारा कायदा केला, तर त्याच्या इंग्रजी नावातही 'इन्फिरिअर' म्हणजे कनिष्ठ हा शब्द होताच. बेडी तोडणाऱ्या कायद्यालाही जुन्या शब्दाची सवय सुटली नाही.

तर मित्रांनो, जातीच्या दाखल्याचा फॉर्म भरताना अनेक मुले आम्हाला विचारतात, "आपण बौद्ध, मग जातीच्या रकान्यात जुनं नाव का लिहायचं?" आमचे उत्तर असे : धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा, ती आपण निवडलेली ओळख आहे. जातीच्या रकान्यातले नाव ही आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आहे. जखम दाखवल्याशिवाय भरपाई मागता येत नाही, आणि जखम म्हणजे आपण नव्हे.

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले, "बाळा, समाजाला डिप्रेशन आलं नव्हतं, त्याला दाबलं होतं. यापुढे असा शब्द भेटला की आधी विचारायचं, कोणी?"

जय भीम! नमो बुद्धाय!