धूर नवऱ्याचा, आजार बायकोचा

सिगारेटचा त्रास ओढणाऱ्यालाच होतो, असा पूर्वी बहुतेकांचा समज होता. १९८१ मध्ये जपानचे डॉ. ताकेशी हिरायामा यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्या समजाला धक्का बसला. स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची माहिती त्यांनी १४ वर्षे गोळा केली होती. नवरा जितक्या जास्त सिगारेटी ओढी, तितका बायकोला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त. नवरा रोज २० किंवा अधिक ओढत असेल तर तो सुमारे दुप्पट!

तंबाखू कंपन्यांनी या आकड्यांवर जोरदार टीका केली. पण पुढे इतर देशांतील अभ्यासांतूनही हा धोका दिसून आला. जळत्या टोकाचा धूर फिल्टरमधून न जाता थेट खोलीत पसरतो, आणि त्यात कॅन्सर करणारी रसायने असतात.

भारतात मुरली देवरा यांच्या याचिकेवर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. मात्र हिरायामांच्या अभ्यासातला धूर घरातला होता, आणि घरात हा कायदा लागू होत नाही. खिडकी उघडून किंवा पंखा लावूनही तो पूर्ण जात नाही. म्हणून घरात सिगारेट-बिडी नकोच. सोडायची असेल तर आपल्या डॉक्टरांशी जरूर बोला.